त्याला रिपोर्ट दाखवलात, म्हणजे गावाला दाखवायची परवानगी दिली नाहीत

प्रश्न : मी २६ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. पूर्वी ज्याच्याशी नातं होतं, त्याच्यासोबत ठरवून मी लैंगिक आजारांच्या तपासण्या केल्या आणि लॅबच्या ॲपवरून त्याला रिपोर्ट शेअर केला. सिफिलिस पॉझिटिव्ह आला होता. उपचार पूर्ण झाले. आता माझं लग्न ठरतंय. ‘रिपोर्ट मुलाकडच्यांना पाठवतो, तू कसल्या चालीची आहेस ते कळू दे’ म्हणत तो पैसे मागतोय. २० हजार दिले, तरी थांबत नाही. घरी काही माहीत नाही.

उत्तर : ताई, यापुढे एक रुपयाही पाठवू नका. त्याच्याशी भांडू नका, त्याला ब्लॉकही करू नका. चॅट आहे तसं राहू द्या. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, पैसे पाठवल्याची नोंद काढून ठेवा. फोन बदलू नका, तोच पुरावा आहे. ॲपमध्ये शेअर केलेली लिंक बंद करता येत असेल तर आजच करा.

त्याच्या हातात रिपोर्ट तुम्हीच दिला, म्हणून तुमची बाजू कमकुवत आहे असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. विश्वासानं एकाला सांगितलेली गोष्ट तुमचीच राहते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २०१७ मध्येच सांगितलं आहे. धमकी देऊन पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी कलम ३५१(३) मध्ये येते, तिथंही शिक्षा सात वर्षांपर्यंत. ‘रिपोर्ट खराच आहे’ एवढ्यावर तो सुटत नाही. बदनामीच्या फौजदारी खटल्यातसुद्धा नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं.

त्यानं रिपोर्ट पाठवण्याची वाट पाहू नका. राजारामपुरी पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या; सोबत वकील किंवा विश्वासातली मैत्रीण न्या. प्रकरण संवेदनशील असल्यानं एफआयआर संकेतस्थळावर टाकू नये, असा अर्जही द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांत तशी सोय आहे. रिपोर्ट पसरवू नये म्हणून दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूमही मागता येतो.

आता लग्नाचं. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण आहे ते ‘लागण होऊ शकेल अशा स्वरूपातला’ गुप्तरोग. तुमचे उपचार झाले आहेत. मात्र टीपीएचएसारखी सिफिलिसची रक्तचाचणी बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते, आणि जुना कागद बघणाऱ्याला हे ठाऊक नसतं. म्हणून डॉक्टरांकडून उपचार पूर्ण झाल्याचं पत्र घ्या. सीपीआर या सरकारी रुग्णालयातही गुप्तरोगांची तपासणी होते, व्हीडीआरएल ही सिफिलिसची दुसरी रक्तचाचणी पुन्हा करून घ्या.

माझं स्पष्ट मत आहे, साखरपुड्याआधी मुलाला तुम्ही स्वतः सांगा. उद्या ‘महत्त्वाची गोष्ट लपवून फसवलं’ म्हणत हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करायला कुणी निघालं, तर त्याला पाय ठेवायला जागा उरणार नाही. आणि ज्या गोष्टीची भीती घालून हा माणूस पैसे मागतोय, ती गोष्टच त्याच्या हातून निसटेल. ऐकून मुलानं नकार दिला तर दुःख होईल, पण त्यामुळे फिर्याद मागे घेऊ नका.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर कसबा बावड्यातल्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.