नवी जीआर ८६: आधी चालव, मग बोल

फोटो बघून ‘जुनीच बरी दिसायची’ म्हणायची घाई करू नकोस. नवं डिझाइन आलं की सुरुवातीला सगळेच तोंडसुख घेतात. टोयोटाच्या २०२१ च्या जीआर ८६ या स्पोर्ट्स कारमध्ये खरा बदल बॉनेटखाली आहे. आधीच्या पिढीच्या, २०१२ च्या गाडीचं दोन लिटरचं इंजिन २०५ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवायचा जोर) द्यायचं, तोही साडेसहा हजार आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास. त्याआधी चार हजारांच्या घरात ते चक्क ढेपाळायचं. आता २.४ लिटरमधून सुमारे २५० मिळतात, तेही ३७०० लाच. म्हणून टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांवर ये, अ‍ॅक्सिलरेटर दाब आणि गिअर खाली टाकायचा मोह आवर. फरक पाठीला कळेल. (रस्ता मोकळा असेल तरच, हे काय सांगायचं!) केबिनमधल्या इंजिनच्या आवाजावर भाळू नकोस, त्यात स्पीकरचाही हात आहे. मागची सीट? बॅग ठेवायला ठीक. टायरची मात्र नीट चौकशी कर. काही देशांत साध्या मॉडेलला १७ इंची आणि वरच्याला जास्त पकडीचे १८ इंची येतात. ट्रॅकवर शिकायचं असेल तर मी १७ इंचीच घेईन. पकड कुठे सुटते ते कमी वेगातच कळतं.