२२ जुलैला पोरीला शाळेत पाठवू की नको?

प्रश्न: ताई, आम्ही चिपळूणला पेठमापात राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं खालचं सगळं गेलं, मुलगी तेव्हा बालवाडीच्या वयाची, तिला घेऊन माळ्यावर बसलो होतो. आता ती चौथीत आहे. दरवर्षी २२ जुलै जवळ आला की ग्रुपवर तेच व्हिडिओ फिरायला लागतात आणि माझ्या पोटात गोळा येतो, त्या दिवशी मी तिला शाळेत पाठवतच नाही. मिस्टर म्हणतात येडी झालीस काय, पूर काय तारीख बघून येतो? सासूबाई माझ्या बाजूने आहेत.
– एक आई

उत्तर: मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे हो, येडी म्हणायची गरज नव्हती एवढंच. २००५ ला पण चिपळुणात पाणी भरलं होतं, ते २६ जुलैला. २०२१ ला २४ जुलैला गुरुपौर्णिमा होती म्हणजे उधाणाची भरती, त्यात घाटात धो धो पाऊस, मग वाशिष्ठी नदीचं पाणी दाभोळच्या खाडीकडे उतरणार कसं, ते बाजारपेठेत शिरलं. तेव्हा २२ ला घरी ठेवून नंतर रेड अलर्टच्या दिवशी पाठवलंत तर काय उपयोग? अमावास्या-पौर्णिमा बघा, हवामान खात्याचा अलर्ट बघा, दोन्ही एकदम आले की बिनधास्त घरी ठेवा, बहुतेकदा जिल्हाधिकारीच सुट्टी देतात. भरतीच्या वेळांचं खातं सासूबाईंकडे द्या, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. २०२१ ला कोरोनामुळे प्राथमिक शाळा बंदच होत्या. म्हणजे वर्ग भरलेत आणि भरदुपारी पाणी चढायला लागलं तर काय, हे त्या वेळी कुणाला बघावंच लागलं नाही. काळजी करायची तर इथे करा. शाळेत जाऊन सरळ विचारा, पाणी यायला लागलं तर पोरांना घरी सोडणार की वरच्या मजल्यावर ठेवणार? माझ्या मते ठेवलंच पाहिजे, कारण रिक्षात पोरं कोंबलेली, समोर रस्त्यावर पाणी आणि मागे फिरायला जागा नाही, याच्याएवढं वाईट काही नाही. रिक्षावाल्या काकांनाही आत्ताच सांगून ठेवा. शाळा बैठी असेल तर जवळची कुठली इमारत ठरवलीय? मोबाईलची रेंज गेली तर निरोप कसा? आणि छपराचं पण विचारा, २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या सरकारी शाळेचं छप्पर कोसळून ७ मुलं गेली, तिथे काय पूर नव्हता.

मुलीचं म्हणाल तर २२ ला घरी ठेवलं की तिला एवढंच कळतं की आई घाबरलीय म्हणजे शाळेत नक्की काहीतरी होणार. पाठवा, हवं तर स्वतः सोडायला जा. ग्रुप आठवडाभर म्यूट करा. पण तिनेच विषय काढला तर गप्प बसवू नका, माळ्यावर तीही होती ना. पाऊस लागला की झोप नाही, शाळेच्या वेळेला पोटात दुखतं, असं पावसाळाभर चालू राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, मनाच्या तक्रारींसाठी सरकारची टेलिमानसची हेल्पलाइन पण आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठी केलात फोन तरी चालेल.