वय 18, हातात जबरदस्त स्किल पण अंगाने बारीक, असा आइस हॉकी प्लेअर लगेच एनएचएल (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग) खेळू शकतो का?

बहुतेक वेळा नाही, अजून एक-दोन सीझन थांबलेलं बरं, आणि अडचण स्किलची नाही, ताकदीची असते. ज्युनिअर लीगमध्ये समोर 16 ते 20 वयाची पोरं असतात, एनएचएलमध्ये 90 किलोचा तयार गडी येऊन आदळतो. हायलाइट्समधले गोल सोडा, तो रिंकच्या कडेच्या बोर्डच्या कोपऱ्यात काय करतो ते बघा, पक (खेळायची चकती) पायाशी अडकलाय, डिफेन्समन पाठीवर रेललाय, तेव्हा गुडघे वाकवून कमरेने त्याला अडवत पक बाहेर काढतो की नुसता स्टिक लांबवतो. आणि तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडला 45 सेकंदांच्या शिफ्टचे (एका वेळी बर्फावर उतरून खेळायचा वेळ) शेवटचे 10 सेकंद, पाय जड झाले की खरं काय ते कळतं.

जॅक ह्यूज 2019 च्या ड्राफ्टमधला (टीम्स नवे प्लेअर निवडतात तो) पहिला पिक, पण पहिल्या सीझनला 61 मॅचमध्ये फक्त 7 गोल, आणि 2022-23 मध्ये त्याचेच 99 पॉइंट्स (गोल आणि असिस्ट मिळून). अर्थात एनएचएल स्टार कॉनर मॅकडेविडसारखे अपवाद असतात, स्केटिंगच इतकं फास्ट की कोणी धरूच शकत नाही, तिथे वजन बघत बसू नका.