नकाशावरचा रस्ता आणि ४२ लाखांची सदनिका

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या गावभागात भाड्याने राहणारे आपण उभयता, २०१९ आणि २०२१ चे पूर अनुभवल्यानंतर, विश्रामबागच्या बाजूला घर घेऊ इच्छिता. तेथील १२० सदनिकांच्या नियोजित प्रकल्पात ४२ लाखांची सदनिका आपण पाहिली असून गाठीशी १२ लाख रुपये आहेत. आताच ५ लाख भरल्यास बिल्डर २ लाखांची सूट देतो. मात्र प्रकल्पाकडे जाणारी वाट जेमतेम २० फुटांची असल्याने शेजारच्या रहिवाशांनी वाहतुकीच्या मुद्द्यावर महापालिकेकडे हरकती नोंदवल्या आहेत, आणि त्यांकडे किती लक्ष द्यावे, असे आपण विचारता.

माझ्या मते आज ५ लाख देऊ नयेत. प्रकल्पाला महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील नोंदणी क्रमांक, मिळालेला नाही, असे आपणच लिहिले आहे. रेरा कायद्यानुसार एवढ्या मोठ्या प्रकल्पाचे बुकिंग नोंदणीपूर्वी घेताच येत नाही आणि नोंदणीनंतरही, करारनामा नोंदवण्याआधी, किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही.

आता रस्त्याविषयी. महापालिकेच्या विकास आराखड्यात तो १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फुटांचा आहे, असे बिल्डर सांगतो. तसे असेलही, पण आराखड्यातील रेघ जमिनीवर उतरण्यासाठी वाटेतील प्रत्येक जमीनमालकाने टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा रोख मोबदला घेऊन आपली पट्टी सोडावी लागते, आणि एकाने जरी ती अडवून धरली तरी तेवढ्या जागी रस्ता जुन्याच रुंदीचा राहतो. शिवाय रहिवाशांची हरकत ही शेजाऱ्यांची कुरकुर समजून सोडून देण्यासारखी नाही. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण, रस्त्याच्या रुंदीशी जोडलेला आहे, त्यामुळे रस्ता अपुरा ठरला तर मजले कमी होऊ शकतात, नकाशे बदलू शकतात किंवा काम रेंगाळू शकते.

रेंगाळण्याची किंमत मोजून पाहू. बँकेने कर्जापैकी १५ लाख वितरित केल्यानंतर काम वर्षभर अडले, तर साडेआठ टक्के दराने १,२७,५०० रुपये व्याज आणि महिना ११ हजारांप्रमाणे १,३२,००० रुपये भाडे, असे २,५९,५०० रुपये जातील. दोन लाखांची सूट त्यात बुडून वर आपल्यालाच भर घालावी लागेल. विलंबाबद्दल बिल्डरकडून व्याज मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु ते हाती पडेपर्यंत बँक हप्ता थांबवत नाही.

मला अधिक काळजी आपल्या शिलकीची वाटते. मूळ किंमत धरली तर मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी २,५२,०००, नोंदणी ३०,००० आणि जीएसटी १ टक्क्याने ४२,००० होतो. तीस लाखांवरील गृहकर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळत असल्याने ८,४०,००० रुपये स्वतःचे घालावे लागतील. एकूण ११,६४,००० रुपये गेल्यावर हाती ३६ हजार उरतात, आणि सूट धरली तरी फार फरक पडत नाही. (पार्किंग व इतर आकार धरून व्यवहार ४५ लाखांपुढे गेला, तर जीएसटी ५ टक्के होतो, हेही करारापूर्वी तपासावे.) इतक्या तुटपुंज्या शिलकीवर रखडणारा प्रकल्प पेलवणार नाही.

रस्ता खरोखर रुंद झाला, तर तेथील भाव वाढेल आणि थांबल्याबद्दल आपल्याला दोन-तीन लाख जास्त मोजावे लागतील, हे मी नाकारत नाही. गुंतवणूकदाराने तो जुगार खेळावा. राहण्यासाठी एकमेव घर घेणाऱ्याने, तेही सगळी पुंजी लावून, खेळू नये. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य झाल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेले, रुंद रस्त्यावरचे तयार घर दीड लाखाने महाग पडले, तरी त्यावर जीएसटी नाही आणि ताबा मिळताच भाडे थांबते. माझा कल तिकडे आहे.

तरीही मन याच प्रकल्पावर असेल, तर महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा, म्हणजे त्या जागेपुरता उतारा, घ्यावा आणि रस्त्याची किती जागा प्रत्यक्ष ताब्यात आली आहे, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. उत्तर येईपर्यंत १२ लाख मुदतीपूर्वी मोडता येतील अशा दोन-तीन ठेवींत विभागून ठेवावेत, आणि बिल्डरला महारेरा क्रमांक मिळाल्यावरच पुन्हा बोलू, असे कळवावे.