गेमचं सगळं नेटवर फुकट मिळतं, मग छापील स्ट्रॅटेजी गाइड (गेम कसा खेळायचा ते सांगणारं पुस्तक) विकत घेण्यात काही अर्थ आहे का?

आहे. एकट्याने खेळायची लांबलचक आरपीजी (म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट खेळायचा 'रोल-प्लेइंग गेम') असेल तर नक्कीच आहे. तुम्ही लिहिलंय, "अडलं की दोन मिनिटांत व्हिडिओ सापडतो, मग पुस्तकात जास्तीचं काय असतं?" अगदी ह्याच वाक्यावरून माझं आणि दादाचं कित्येक वर्षं वाजतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

'फायनल फँटसी १२' ही अशीच एक आरपीजी आम्ही दोघं एकाच प्लेस्टेशन २ वर, आपापल्या मेमरी कार्डावर खेळत होतो. साठवलेले पैसे घालून मी गाइड घेतलं. दादा म्हणाला, "चीटिंगसाठी पैसे मोजतेस? मला अडलं तर मी नेटवर बघेन."

मी खेळायला बसण्याआधी पुस्तक मागून पुढे चाळत होते. मला शस्त्रांच्या याद्या वाचायला आवडतात. तिथे झोडियाक स्पिअर दिसला. ताकद १५०, गेममधला सगळ्यात जबर भाला. पण त्याची अट विचित्र होती: गेमभर विखुरलेल्या खजिन्याच्या पेट्यांपैकी चार ठरावीक पेट्या उघडायच्या नाहीत. त्यातली पहिली राबानास्टरच्या लोटाउनमध्ये, म्हाताऱ्या डालनच्या घराबाहेर, म्हणजे सुरुवातीच्या एक-दोन तासांतच समोर येते. एक जरी उघडली तरी नाबुडिसच्या नेक्रोहोलमधला तो भाला कायमचा हातचा गेला. गेम ह्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मी पेन्सिलीने त्या चारही जागांवर फुल्या मारल्या. दादाला सांगायला गेले तर त्याने हात वर केला, "काही सांगू नकोस, मजा जाते." पेटी दिसली की उघडायची, हे आरपीजी खेळणाऱ्याच्या हाडात असतं. त्याने उघडली.

त्याला हे कळलं तेव्हा त्याचे साठ तास खेळून झाले होते. मग हेन माइन्समधल्या एका पेटीत तो भाला निघण्याची बारीकशी शक्यता असते, म्हणून तो कित्येक रात्री त्या भागातून बाहेर जायचा, परत आत यायचा, पेटी उघडायचा. भाला काही निघाला नाही.

माझं म्हणणं तेव्हापासून एवढंच आहे. नेटवर आपण विचारू त्याचंच उत्तर मिळतं. जो प्रश्न आपल्याला पडलाच नाही, तो शोधणार कसा? पुस्तक चाळताना तो आपोआप नजरेखाली येतो. शिवाय नकाशा मांडीवर उघडा ठेवून खेळता येतं. व्हिडिओत पुढे-मागे करत नको ते बघून बसतो आपण, आणि मजा खरी तिथे जाते.

२०१८ च्या नोव्हेंबरात गाइडं छापणारी प्रिमा गेम्स कंपनी बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा दादाने ती मला पाठवली, खाली एकच शब्द: "बघ." मी २०२३ साली पिगीबॅक ह्या दुसऱ्या प्रकाशकाने काढलेल्या 'टिअर्स ऑफ द किंगडम' ह्या गेमच्या गाइडचा फोटो त्याला पाठवून दिला.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात. सतत अपडेट येणाऱ्या ऑनलाइन गेमचं पुस्तक घेऊ नका, त्यातले आकडे पहिल्या-दुसऱ्या पॅचमध्येच (दुरुस्तीच्या अपडेटमध्येच) शिळे होतात. आणि सगळी गाइडं चांगली नसतात. 'फायनल फँटसी ९' चं २००० सालचं अधिकृत गाइड तर महत्त्वाच्या माहितीसाठी वाचकाला वेबसाइटवरच पाठवायचं. पैसे देऊन पुस्तक घेतलेल्या माणसाशी असं वागणं मला आजही पटत नाही. जुनं गाइड घेताना आवृत्तीही जुळवून बघा. '१२' च्याच २०१७ च्या 'झोडियाक एज' ह्या नव्या आवृत्तीत त्या चार पेट्यांची अट राहिलेली नाही.

गेमफॅक्स ह्या वेबसाइटसाठी १९९५ पासून लोकांनी फुकट लिहिलेल्या फाइलींबद्दल मला आदरच आहे. भाल्याची माहिती तिथेही होती. दादा अजून तेच म्हणतो, "नेटवर होतंच की." होतं. त्याने ते साठाव्या तासाला वाचलं, मी पेटीजवळ पोचण्याआधी.