एमएच १२ मध्ये एकूण किती गाड्यांना नंबर देता येतील?

प्रश्न एमएच १२ एबी १२३४ अशा, म्हणजे दोन अक्षरं आणि चार आकडे असलेल्या नंबरांचा आहे असं धरतो.

आधी अक्षरं. २६ पैकी आय आणि ओ वापरत नाहीत, कारण ते १ आणि ० सारखे दिसतात. उरली २४. पहिल्या जागी ए ठेवलं तर दुसऱ्या जागी २४ पर्याय, बी ठेवलं तरी पुन्हा २४. असे २४ गट, प्रत्येकात २४, म्हणून २४ × २४ = ५७६. इथेच बरेच जण २४ + २४ करून ४८ वर थांबतात. बेरीज कधी? दोनपैकी एकच निवडायचं असेल तेव्हा. इथे तर दोन्ही जागा भरायच्या आहेत, मग गुणाकारच.

आकड्यांच्या चार जागा, प्रत्येकी १० पर्याय, म्हणजे १०,०००. पण ०००० हा नंबर कुणालाच मिळत नाही, तेव्हा ९,९९९.

५७६ × ९,९९९ = ५७,५९,४२४.

आणि हो, एए, बीबी अशी जोडअक्षरं नको म्हणालात तर दुसऱ्या जागी २३ च पर्याय राहतात: २४ × २३ = ५५२. बाकी हिशोब तोच.