सेरेब्रल पाल्सी असलेल्या माझ्या ३४ वर्षांच्या भावाला आता भाकरी चावता येत नाही. च्युइंग गम देऊन जबड्याचे स्नायू बळकट होतील का?

च्युइंग गम कृपया देऊ नका, कारण तो घशात अडकू शकतो. मी स्पीच थेरपिस्ट असून प्रौढांच्या चावण्या-गिळण्याच्या तक्रारींवर काम करते. वर्षभरापूर्वीपर्यंत भाकरी खाणारा आपला भाऊ आता घास तोंडात घोळवत बसतो, असे आपण लिहिले आहे. यात स्नायूंची ताकद हा प्रश्नाचा एक भागच आहे.

कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटे ठेवून दात आवळले की जो उंचवटा हाताला लागतो, तो मॅसेटर हा चावण्याचा प्रमुख स्नायू. चावताना तो आवळतो आणि सैल पडतो, त्याच लयीत जीभ घास दाढांखाली सरकवते आणि गाल तो बाहेर निसटू देत नाही. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेत, मेंदूकडून मिळणारी ही लयच बिघडलेली असते. जबडा मिटणारे आणि उघडणारे स्नायू एकाच वेळी आखडले तर जबडा गोलाकार न फिरता नुसता वरखाली होतो, आणि घास दळला न जाता चेपला जातो. चावण्याची ताकद कमी असलेल्या व्यक्तीचे दातसुद्धा चमचा लागताच घट्ट मिटू शकतात. अशा वेळी चमचा ओढू नये, जबडा सैल होईपर्यंत थांबावे; चमचाही धातूचा नको, सिलिकॉनचा बरा.

मला अधिक काळजी वाटते ती वर्षभरातील बदलाची. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची मूळ इजा वाढत जात नाही, त्यामुळे ‘आजारच तसा आहे’ असे म्हणून हा बदल सोडून देऊ नये. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या डाव्या गालात प्रत्येक जेवणानंतर भाताची शिते उरत, आणि त्यांच्या आई ती कित्येक महिने बोटाने काढत होत्या. दंतवैद्यांनी पाहिले तेव्हा त्याच बाजूची दाढ तुटलेली निघाली. किडलेला दात, फिट्सच्या फेनिटॉइन या औषधाने वाढलेल्या हिरड्या, घशाशी येणारे आम्ल, सुस्ती आणणारे नवे औषध, जबड्यात घेतलेले बोटॉक्स (स्नायू सैल करणारे इंजेक्शन), व्हीलचेअरमध्ये मागे कलंडणारी मान, यांपैकी काय लागू पडते ते आधी तपासून घ्या. हातापायांची ताकदही याच काळात घटली असेल, तर मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला जात नाही ना, हे पाहण्यासाठी न्यूरॉलॉजिस्टना लवकर दाखवा.

तोवर जेवण बदलावे लागेल. दुधात कुस्करलेली भाकरी आपल्याला मऊ वाटते, पण तिच्यात पातळ दूध आणि घट्ट तुकडे एकत्र येतात. तुकडा चावून होण्याआधीच दूध घशात उतरते आणि ठसका लागतो. भाकरी आमटीत इतकी भिजवा की वेगळा रस्सा उरणार नाही, आणि ती काट्याने सहज चिरडली जाते का ते पाहा. गिळण्याचा त्रास असलेल्यांचे अन्न किती मऊ-बारीक हवे हे सांगणाऱ्या आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मापनात प्रौढांसाठी मऊ तुकडा १.५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा, तर बारीक केलेल्या अन्नाचा कण ४ मिलिमीटरपर्यंत असावा, असे ठरवले आहे. शेंगदाणे, चिवडा, चुरमुरे पूर्ण बंद ठेवा. भरवताना त्याला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली असू द्या, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका.

जेवताना आवाज ओलसर, घशात पाणी असल्यासारखा येत असेल, वजन घटत असेल किंवा वारंवार ताप-खोकला होत असेल, तर गिळण्याची व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचे एक्स-रे चित्रण) करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. थेरपिस्टकडे जाताना एका पूर्ण जेवणाचे चित्रण बरोबर न्या, एकदा समोरून आणि एकदा बाजूने, कारण अनोळखी खोलीत तो घरच्यासारखा जेवेलच असे नाही.